वसई-विरारचे नगरनियोजन आणि उद्योगधंद्यांची वाढ

एखाद्या नगराच्या औद्योगिक भवितव्याचा विचार करताना त्याच्या नियोजनाचा इतिहास प्रथम तपासावा लागतो. वसई-विरारसारख्या नगरात तंत्रज्ञानावर आधारलेले उद्योग कसे वाढवावेत, हा प्रश्न आज विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ पुढील वीस वर्षांच्या आराखड्यात सापडण्यासारखे नाही. मागील पन्नास-साठ वर्षांत येथे वस्ती, उद्योग आणि आराखडा ही तीन कोणत्या क्रमाने आली, हे पाहिल्यावाचून त्या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

वसईला कारागिरीची परंपरा नाही, असे मुळीच नव्हे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हा प्रदेश पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि वसई हे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे बनले. त्या काळात येथे जहाजे बांधली जात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर सत्ता पालटली. पुढे व्यापाराचा आणि दर्यावर्दी उद्योगाचा ओघ मुंबईकडे वळला आणि वसई मुख्यतः बागायतीचा मुलूख म्हणून ओळखली जाऊ लागली. केळी, विड्याची पाने, फुले व भाजीपाला पिकविणाऱ्या वाड्या विहिरींच्या गोड्या पाण्यावर उभ्या होत्या. हे पाणी खाऱ्या भूमीच्या शेजारी असल्याने त्याचा उपसा मर्यादेत राहणे आवश्यक होते. पुढील सर्व वादांचे मूळ ह्या भौगोलिक वस्तुस्थितीत आहे.

दुसरी निर्णायक गोष्ट म्हणजे लोहमार्ग. १८६७ साली विरार व मुंबई यांच्यामध्ये प्रवासी गाडी सुरू झाली आणि १९३६ साली विजेवरील गाड्या विरारपर्यंत पोहोचल्या. रेल्वेने विरारला मुंबईशी जोडले ते प्रामुख्याने माणसांच्या ने-आणीसाठी. सकाळी जाणारा व संध्याकाळी परतणारा नोकरदार हा ह्या जोडणीचा नायक ठरला, आणि नगराकडे निवासस्थान म्हणून पाहण्याची दृष्टी तेथूनच रुजली.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रादेशिक नियोजनाला शास्त्रीय अधिष्ठान देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली १९६५ साली नेमलेल्या समितीने मुंबईचा विचार तिच्या भोवतालच्या प्रदेशासह करावा अशी शिफारस केली. त्यानंतर १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि १९७३ साली मुंबई महानगर प्रदेशाची योजना मंजूर झाली. परंतु त्या योजनेचा भर खाडीपलीकडील नव्या मुंबईवर होता. तेथे शासनाने जमीन संपादित केली आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोकडे ती विकासासाठी सोपविली. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्यापासून तारापूरपर्यंत आखीव औद्योगिक क्षेत्रे वसविली. दोहोंच्या मधल्या वसई तालुक्यात मात्र असे सार्वजनिक औद्योगिक क्षेत्र उभे राहिले नाही.

तरीही उद्योग आले. वालीव, सातिवली, गोखिवरे ह्या महामार्गालगतच्या पट्ट्यात खाजगी मालकांनी गाळे बांधले व ते विकले किंवा भाड्याने दिले. मुंबईतील जागांचे वाढते दर आणि महामार्गाचे सान्निध्य यांमुळे यंत्रांचे सुटे भाग, प्लास्टिकच्या वस्तू व आवेष्टनाचे साहित्य बनविणारे लहान कारखाने येथे स्थिरावले. औद्योगिक महामंडळाच्या क्षेत्रात रस्ता, पाणी व सांडपाण्याची व्यवस्था आधी होते आणि भूखंड नंतर दिला जातो. वालीवच्या पट्ट्यात गाळा आधी आला आणि सोयींचा विचार मागाहून झाला. उद्योगाची वाढ खुंटली नाही, परंतु तिचा भार सार्वजनिक व्यवस्थेवर अदृश्यपणे पडत गेला.

निवासाच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. १९८८ च्या सुमारास ह्या भागातील विस्तृत हरित क्षेत्र नागरी विकासासाठी खुले करण्यात आले आणि १९९० साली सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नव्या मुंबईत सिडको जमिनीची धनी होती; येथे जमीन खाजगी राहिली आणि सिडकोकडे मुख्यतः परवानगी देण्याचे व आराखडा करण्याचे काम आले. ह्या भेदाचे परिणाम दूरगामी झाले. जिच्या हाती जमीन नाही, त्या संस्थेला उद्योगासाठी भूमी राखून ठेवणे अवघड जाते. निवासी इमारतीचा भाव उद्योगाच्या भावावर सहज मात करतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने ह्या धोरणाला आणि विहिरींतून होणाऱ्या पाण्याच्या उपशाला विरोध केला. ह्या चळवळीला विकासविरोधी ठरविणे सोपे आहे, पण पाण्याचा हिशेब न मांडता वस्ती वाढवू नये, हे तिचे म्हणणे नियोजनशास्त्राचे प्राथमिक सूत्रच होय.

२००१ ते २०२१ ह्या कालखंडासाठीचा विकास आराखडा २००७ साली मंजूर झाला, म्हणजे मुदतीची पहिली सहा वर्षे मंजुरीपूर्वीच संपली होती. २००९ साली चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. २०१८ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीने शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली व विजेवाचून राहिला. खाडी, मिठागरे व नैसर्गिक नाले हे पाणी वाहून नेणारे व साठविणारे घटक आहेत, ही गोष्ट तेव्हा कारखानदार व रहिवासी दोघांनाही सारखीच समजली. सूर्या प्रकल्पाच्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारसाठी दररोज १८५ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद आहे. परंतु सूर्या नदीवरील धरण मूलतः आदिवासी तालुक्यांच्या सिंचनासाठी बांधले गेले, हेही विसरता येत नाही.

तुलनेसाठी पुण्याजवळील हिंजवडीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे औद्योगिक महामंडळाने माहिती तंत्रज्ञानासाठी भूखंड आखले आणि कंपन्या आल्या. परंतु भोवतालचा कारभार ग्रामपंचायतींकडे राहिला, वाहतूक तोकडी पडली आणि मेट्रो मार्गाची पायाभरणी २०१८ साली झाली. हिंजवडीत उद्योग आधी आला व नगर मागे राहिले. वसई-विरारमध्ये नगर आधी वाढले व आखीव उद्योग आलाच नाही. दोन्हीकडे दोष एकाच ठिकाणी आहे : काम, घर, पाणी व वाहतूक यांचा विचार एका प्राधिकरणाने एका वेळी केला नाही.

ह्यावरून पुढील विचाराची दिशा ठरविता येते. अतिजलद रेल्वेचे नियोजित विरार स्थानक आणि वाढवण बंदर यांमुळे जमिनीचे भाव पुन्हा चढतील, आणि उद्योगासाठी भूमी राखणे आणखी कठीण होईल. म्हणून नव्या आराखड्यात उद्योगाची भूमी निवासी बांधकामापासून कायद्याने सुरक्षित असावी. गाळ्यांतील लहान कारखान्यांची व तेथील कुशल कामगारांची पद्धतशीर पाहणी व्हावी, कारण तंत्रज्ञानप्रधान उद्योगाचे बीज रिकाम्या भूखंडापेक्षा ह्या हातांत अधिक आहे. आणि प्रत्येक औद्योगिक विस्ताराबरोबर पाण्याचा उगम व पावसाच्या पाण्याचा मार्ग दाखविणे बंधनकारक असावे. आजवर वसई-विरारमध्ये आराखडा वस्तीच्या व उद्योगाच्या मागून आला. तो क्रम उलटविता आला, तरच येथील रहिवाशाला रोज सकाळी विरारहून सुटणाऱ्या गाडीवाचून उपजीविकेचा दुसरा मार्ग मिळू शकेल.