चौदा गावे (नवी मुंबई)

ठाणे जिल्ह्यातील, नवी मुंबई महानगरपालिकेतून 2007 मध्ये वगळलेला व 2024 मध्ये पुन्हा समाविष्ट झालेला ग्रामसमूह. पारसिक डोंगररांगेच्या पूर्वेस वसलेल्या या समूहात दहिसर, पिंपरी, वाकळण, भंडार्ली, उत्तरशीव, गोटेघर इ. गावे येतात.

उगम : 1 जानेवारी 1992 रोजी कारभार सुरू झालेल्या महानगरपालिकेत ही गावे होती. मालमत्ता कराच्या बोजाविरुद्ध ग्रामस्थांनी आंदोलन केले. 2007 मध्ये गावे वगळली जाऊन ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेच्या कारभाराखाली आली. पुढे पाणी, रस्ते, आरोग्यसेवा यांसाठी ग्रामपंचायतींचे उत्पन्न अपुरे पडले व अनधिकृत बांधकामे वाढली. त्यामुळे पुनर्समावेशाची मागणी झाली.

वैशिष्ट्ये : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 3 नुसार हद्दबदलाचा अधिकार राज्य शासनाकडे असतो, त्यासाठी सार्वमताची तरतूद नाही. समावेशामुळे ग्रामपंचायत संपुष्टात येऊन गावांना नगरसेवकांमार्फत प्रतिनिधित्व, एकत्रित निधी आणि पाणीपुरवठा, घनकचरा व्यवस्थापन यांसारख्या सेवा मिळतात. त्याबदल्यात महापालिकेचे कर व बांधकाम नियम लागू होतात. महापालिकेवर नव्या सुविधांचा खर्च येतो.

महत्त्व : महानगरपालिकेसारख्या मोठ्या संघात राहण्याचा निर्णय स्वायत्तता, करभार व सामायिक सेवा यांच्या तुलनेवर ठरतो, याचे हे स्थानिक उदाहरण होय. राष्ट्रीय पातळीवर अशाच मुद्द्यांवर स्कॉटलंडने 2014 च्या सार्वमतात युनायटेड किंग्डममध्ये राहण्याचा कौल दिला. युनायटेड किंग्डम मात्र 2020 मध्ये यूरोपीय संघातून बाहेर पडले. (पाहा : ग्रामपंचायत, नवी मुंबई, महानगरपालिका, यूरोपीय संघ, सार्वमत).