कापसाच्या मुलखातली बिनकापसाची गोधडी

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले, पातूर मागे टाकून घाट चढला, की मालेगाव तालुक्यातले मेडशी येते. आज या पट्ट्यात सोयाबीन आणि तूर दिसते. पण गेल्या दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर हा मुलूख कापसाचा, पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करणारा. अशा ठिकाणी घरातले पांघरूण कापसाने भरलेले असावे, असे कोणालाही वाटेल. पण वऱ्हाडातली जुनी गोधडी, म्हणजेच वाकळ, उसवून पाहिली तर आत निघते ते आजीचे विटलेले लुगडे, आजोबांचे धोतर, बाह्या काढलेला सदरा, पोरांच्या झबल्यांचे तुकडे. पिंजलेला कापूस बोंडाएवढाही नाही. गोधडीविषयी आपल्याकडे माया आणि ऊब यांच्या गोष्टी भरपूर बोलल्या जातात. ही साधी विसंगती मात्र कोणी विचारात घेत नाही. माझे म्हणणे असे, की ज्या रूपात आपण गोधडी ओळखतो, ते तिचे रूप कापूस घरातून निघून गेल्यामुळे घडले आहे, आणि ती घरातल्या माणसांना देण्याची वस्तू का झाली याचे उत्तरही तिथेच सापडते.

याला सोपी उत्तरे दोन आहेत आणि दोन्ही अर्धी खरी आहेत. पहिले हवेचे. वऱ्हाडात उन्हाळा जाळणारा आणि थंडी दोन-अडीच महिन्यांची, मग जाड रजई हवी कशाला? दुसरे धुण्याचे. कापूस भरलेली गादी धुतली की आत गोळे होतात. ती उसवून पुन्हा पिंजून घ्यावी लागते आणि पिंजारी ते काम फुकट करत नाही. गोधडी ओढ्यावर नेऊन खडकावर आपटता येते, वरचे कापड विरले तर त्यावर दुसरे चढवता येते. लेकराच्या अंथरुणासाठी हा गुण फार मोठा. तरी या उत्तरांनी काम भागत नाही. त्याच हवेत, त्याच गावांत, देशमुखांच्या आणि सावकारांच्या वाड्यांवर गाद्या होत्या, लोड-तक्के होते, रजया होत्या. पिंजाऱ्याचा धंदा एवढा पक्का होता, की रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात बहना या नावाखाली त्याची स्वतंत्र नोंद केली. म्हणजे कापूस भरण्याची विद्या होती, माणूस होता, रीत होती. सगळ्या घरांत नव्हता तो ठेवून घेण्याजोगा कापूस.

तो कुठे गेला याचा माग कागदावर चांगला लागतो. रेल्वे येण्याआधीच वऱ्हाडी कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, वाटेत अकोला होतेच. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला. एका कापूसबाजारासाठी एवढा मान पुरेसा बोलका आहे. त्या काळचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने तर विचार उघडच मांडला होता: विलायती कापड स्वस्तात आत आले की इथले कातणारे-विणणारे हात शेताकडे वळतील आणि कापूस वाढेल. लांब धाग्याची ‘बनी’ ही कापसाची जात मागे पडली, आखूड धाग्याची पण रुईचा उतारा जास्त देणारी ‘जरी’ ही जात पुढे आली. घरी कातण्याला काय सोयीचे, हा प्रश्न राहिलाच नाही; तोलावर काय भरते ते पेरले गेले. कापसावर सारा भरायचा, कापसावर सावकाराचे व्याज फेडायचे. लक्ष्मण सत्या यांनी कापूस आणि दुष्काळ यांच्यावर लिहिलेल्या वऱ्हाडाच्या इतिहासात ही साखळी तपशिलाने मांडली आहे. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत, दोन दुष्काळांच्या तडाख्यात, वऱ्हाडची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. पांढरे सोने पिकवणाऱ्या प्रांतात माणसे कमी झाली. अशा घरात वातीपुरता, उशीपुरता कापूस राहत असेल. प्रत्येक माणसाच्या अंथरुणात घालायला तो कसा राहणार?

कापूस गेला आणि उलट्या वाटेने कापड आले. आधी मँचेस्टरचे, मग मुंबईचे, मग १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचे, पुढे अकोल्याच्या सावतराम मिलचे. बाळापूरची पागोटी आणि अकोटच्या सतरंज्या यांचे नाव राहिले, पण रोजच्या अंगावरचे कापड गिरणीचे झाले. हातकताईच्या काळात सूत काढणे हेच सगळ्यांत वेळखाऊ काम होते. एका मागाला सूत पुरवायला कित्येक चरखे फिरावे लागत. म्हणून कापड महाग आणि माणशी कमी. गिरणीने ते स्वस्त केले, आणि स्वस्त कापड म्हणजेच काही वर्षांनी जुने, फाटके, मऊ कापड. चार-सहा थरांची गोधडी शिवायला घरात एवढी जुनेरे साचावी लागतात. घरटी एक नव्हे, तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला दुपटे आणि सासरी जाणाऱ्या प्रत्येक लेकीला गोधडी द्यायची, तर आणखी साचावी लागतात.

इथे जाणकार हरकत घेतील. गोधडी तर नाथजोग्यांच्या आणि संतांच्या अंगावर शतकानुशतके आहे, मग ती गिरणीची लेक कशी? हरकत रास्त आहे. शिवाय कापड महाग असते तेव्हाच माणूस चिंधी जपतो, हेही खरे. पण जोग्याची गोधडी ही मागून आणलेल्या चिंध्यांची वैराग्याची खूण होती. ती एकाच्या अंगावर असे, ती कोणी कोणाला शिवून देत नसे. गाडगेबाबांची (१८७६–१९५६) आठवण इथे उपयोगी पडते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडला आणि लोक त्याला गोधडेबुवा म्हणाले. घराघरांत गोधड्या असताना त्याची तेवढी वेगळी दिसली, कारण घरातली गोधडी पांघरायची वस्तू होती आणि त्याने ती अंगावरचे कापड केली. जुन्या काळी शेतकऱ्याला थंडीत आधार होता तो धनगराच्या घोंगडीचा. गोधडी त्या काळी नव्हतीच, असे मी म्हणत नाही. नात्यागणिक एक गोधडी, ही चाल मात्र स्वस्त सुती कापडाशिवाय एवढी पसरली असती असे मला वाटत नाही.

आता देण्याविषयी. शेतातली कामे आटोपली की चैत्र-वैशाखात जमिनीवर धोतर किंवा लुगडे ताणून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, मध्ये तुकडे जुळवून शिवण सुरू होई; कडेपासून आत धावदोऱ्याच्या ओळी, दोघी समोरासमोर. बाळाचे दुपटे, कुंची, टोपरे. लेकीच्या रुखवतातले तोरण. म्हाताऱ्याची पानाची चंची. बाळाला पहिले दिवस जुन्या मऊ कापडातच ठेवण्याची रीत, त्यामुळे आजीच्या लुगड्याला मान. हे सगळे प्रेमाने झाले असेलच, पण नुसत्या प्रेमाने रीत टिकत नाही. जमीन बाईच्या नावावर नव्हती, बैल नव्हते, कापसाच्या पट्टीचे पैसे तिच्या हाती येत नसत. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला. त्याआधीच्या पिढ्यांतल्या बाईने कोणाला न विचारता द्यावे असे घरात काय होते? अंगावरून उतरलेले लुगडे आणि हातातली सुई. तिने कोणाच्या गोधडीत कोणते कापड घातले, कोणत्या सुनेला जाड दिली आणि कोणत्या लेकीला मऊ, हा तिचा स्वतःचा कारभार होता.

यावर दुसऱ्या बाजूची हरकत येते: हा कारभार कसला, ही तर बिनमोलाची वेठ! तेही मला नाकारता येत नाही. शेतातली वेचणी, घरचे दळण-कांडण आणि वर शिवण, तीही सासूच्या नजरेखाली. जनगणनेच्या धंद्यांच्या रकान्यात पिंजारी आला, शिंपी आला, रंगारी आला. गोधडी शिवणारी बाई घरकाम करणारी म्हणूनच राहिली. पण वेठ होती म्हणून निवड नव्हतीच, असे ठरत नाही. वाशीम जिल्ह्यातल्याच तांड्यांकडे पाहा. पोहरादेवीमुळे हा बंजारा समाजाचा मोठा मुलूख. रेल्वेने त्यांचा बैलांचा व्यापार मोडला, तरी फेटिया-काचळी या आपल्या पेहरावावरचे भरतकाम आणि लग्नासाठी कवड्या लावून शिवलेल्या पिशव्या बायकांनी सोडल्या नाहीत. धंदा गेला, देणे राहिले.

वऱ्हाडच्या कापसाला ज्या अमेरिकेच्या युद्धाने बाजार दिला, तिथलीही एक साक्ष घेण्यासारखी आहे. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीत, गुलामीतून सुटून वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांतल्या कृष्णवर्णीय बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाने त्या भिंतीवर टांगल्या आणि समीक्षक थक्क झाले. त्या बायका मात्र आत कापूस भरत. माझ्या म्हणण्याला हे बाधक वाटेल. पण तो बऱ्याचदा सरकी काढण्याच्या रेच्याच्या जमिनीवरून झाडून आणलेला, विकला न जाणारा कापूस होता. विकण्याजोगा कापूस तिथेही पिकवणाऱ्याच्या अंथरुणात पोहोचला नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ नंतर, कापडावर कंट्रोल आला आणि जुन्या कपड्याची किंमत पुन्हा वाढली. नऊवारीची सहावारी झाली, म्हणजे थरच आखूड झाला. मग टेरिलीन आणि नायलॉन आले. हे कापड घाम पीत नाही, घसरते, त्यात धावदोरा नीट बसत नाही. शेवटी बाजारात पानिपतची ब्लँकेटे आली. त्यातली पुष्कळशी परदेशातून गाठोड्यांनी येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांची पिंजून केलेली. गोधडी आता बचत गटांच्या आणि महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांतल्या दुकानांत दिसते. ती विकली जाते हे चांगलेच आहे, बाईच्या हाती पैसा येतो. फक्त तिची किंमत शिवणीच्या दिवसांची रोजंदारी धरून लावली पाहिजे. घासाघीस करणाऱ्यांनी निदान तो हिशेब एकदा करून पाहावा.

कोलकात्याजवळच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेली एक कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, आहे. तिने आपले नाव आणि ती कोणासाठी शिवली हे टाक्यांनीच लिहिले, म्हणून आज ते कळते. वऱ्हाडातल्या धावदोऱ्याने असे काही लिहिलेले नाही. मेडशीत किंवा कुठेही ज्यांच्या घरी जुनी गोधडी असेल, त्यांनी ती कोणी, कोणासाठी, साधारण कोणत्या साली आणि कोणाच्या लुगड्याची शिवली, हे घरात सांगणारे माणूस आहे तोवर विचारून लिहून ठेवावे आणि तो कागद गोधडीबरोबरच ठेवावा.