कुंडीतल्या मातीची दोनशे वर्षे

शेतातली उत्तम माती कुंडीत भरली की वर्षभरात निकामी होते, हे माळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण मात्र विसाव्या शतकात नीट उलगडले. जमिनीत पाणी खोलवर ओढले जाते. कुंडीत मातीचा थर जेमतेम वीतभर असतो, त्यामुळे तळाला भोक असले तरी खालची काही बोटे माती पाण्याने गच्च भरून राहते. माती जितकी बारीक, तितका हा ओला थर उंच. तिथल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. ऑर्किड, अँथुरियम, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन या घरात वाढणाऱ्या झाडांना हा त्रास अधिक होतो, कारण त्यांतली बरीच मूळची जंगलातल्या खोडांवर किंवा भुसभुशीत पालापाचोळ्यात वाढणारी आहेत. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते.

इंग्लंडमधल्या बागायतदारांनी हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्ट इंडीज, ब्राझील आणि भारतातून ऑर्किड जहाजांनी तिकडे जाऊ लागली. उष्ण प्रदेशातली झाडे म्हणजे त्यांना भट्टीसारखी हवा हवी, अशी समजूत असल्याने काचघरे धगधगत ठेवली जात. चामडे कमावून उरलेली ओक झाडाची साल कुजताना तापते, म्हणून तिच्या ढिगात कुंड्या पुरून ठेवत. कुंडीत साधी जड माती. अशी हजारो रोपे कुजून गेली. वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांनी काही ऑर्किड काटक्यांच्या टोपलीत शेवाळ घालून टांगली आणि ती जगली. चॅट्सवर्थच्या बागेचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी 1830 च्या दशकात काचघरांत हवा खेळती ठेवली, उष्णता कमी केली आणि कुंडीच्या निचऱ्याकडे लक्ष दिले. तेव्हापासून ऑर्किडच्या कुंडीतून माती हळूहळू हद्दपार झाली. तिच्या जागी शेवाळ, नेच्याची मुळे आणि खापऱ्या आल्या. अमेरिकेत ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या मुळांचा तंतू पुढे कित्येक दशके चालला, आणि 1950 च्या दशकात फर झाडाच्या सालीने त्याला मागे टाकले.

बाकीच्या कुंड्यांसाठी मात्र प्रत्येक मोठ्या बागेचा आपला नुस्खा असे आणि मुख्य माळी तो जपून ठेवी. मुख्य घटक म्हणजे कुरणातली सुपीक माती. गवतासकट जमिनीचे तुकडे कापायचे, गवताची बाजू खाली करून थर रचायचे, मध्ये मध्ये शेणखत घालायचे आणि ढीग सहा महिने ते वर्षभर मुरू द्यायचा. मग पानांचे खत, वाळू, चुना, हाडांचा चुरा. फुलझाडाला एक मिश्रण, नेच्याला दुसरे, रोपांना तिसरे. यांतले किती खरोखर गरजेचे आणि किती नुसते परंपरेचे, हे कोणी तपासले नव्हते.

ती तपासणी लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनेस बागकाम संस्थेत झाली. जॉन इनेस हे जमीनजुमल्याचे व्यापारी. त्यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून 1910 मध्ये संस्था सुरू झाली आणि आनुवंशशास्त्रज्ञ विल्यम बेटसन तिचे पहिले संचालक झाले. कुंडीच्या मातीशी इनेस यांचा काडीचाही संबंध नव्हता, तरी आज ब्रिटनमधल्या दुकानांत पिशव्यांवर त्यांचेच नाव छापलेले असते. संस्थेत प्रयोगासाठी वाढवलेली चिनी प्रिम्युलाची रोपे मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी 1930 च्या दशकात मातीचाच प्रश्न हाती घेतला.

रोगजंतू मारायला माती वाफवावी, हे आधीही माहीत होते. पण वाफवलेल्या मातीत रोपे अनेकदा खुंटत. लॉरेन्स आणि न्यूवेल यांना दिसले, की माती सुमारे 82 अंश सेल्सिअसपर्यंत झटपट तापवून थोडा वेळ ठेवली आणि लगेच गार केली, तर रोगजंतू मरतात आणि मातीची फारशी हानी होत नाही. सुपर फॉस्फेट मिसळल्यावर रोपांचे खुंटणेही थांबले. वाफवायची ती फक्त माती; पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला पाला, आणि वाळू तशीच घालायची. अखेर 1939 मध्ये जे मिश्रण पुस्तकात छापले गेले ते असे: 7 भाग माती, 3 भाग पीट, 2 भाग वाळू. त्यात खूर-शिंगांचा भुगा, सुपर फॉस्फेट आणि पोटॅशियम सल्फेट यांचे वजनाने 2:2:1 मिश्रण आणि थोडी खडूची भुकटी. झाड मोठे झाले की खत आणि खडू दुप्पट किंवा तिप्पट करायचे, बाकी काही बदलायचे नाही. शेकडो नुस्ख्यांच्या जागी दोन आले, एक बी पेरायला आणि एक कुंडीला. संस्थेने हक्क राखून ठेवले नाहीत. ज्याला हवे त्याने बनवावे.

त्यातली दुबळी बाजू होती मातीच. चांगली कुरणे कमी होत गेली आणि प्रत्येक ढीग वेगळा निघे. म्हणून पुढच्या पिढीने मातीच काढून टाकली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या केनेथ बेकर यांनी 1957 मध्ये बारीक वाळू आणि पीट यांवर आधारलेली पद्धत पुस्तिकेत मांडली. त्यानंतर कॉर्नेल विद्यापीठातल्या बूडली आणि शेल्ड्रेक यांनी पीटला व्हर्मिक्युलाइट हे तापवून फुलवलेले खनिज आणि परलाइट यांची जोड दिली. परलाइट हा ज्वालामुखी काचेचा खडक. साधारण 850 ते 900 अंशांना तापवला की लाहीसारखा फुलतो आणि कुंडीत हवेला जागा धरून ठेवतो. मिश्रण हलके झाले, जहाजाने पाठवणे स्वस्त पडू लागले, आणि दिवाणखान्यातल्या झाडांच्या जागतिक व्यापाराला त्याचा हातभार लागला.

पीटचे दोष नंतर उघडे पडले. एकदा कोरडे पडले की ते पाणी घेत नाही. वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने निसटून जाते. दुसरे, ते दलदलीत वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचते आणि उपसले की साठलेला कार्बन हवेत जातो. घरगुती बागेसाठी पीटच्या विक्रीवर बंदी आणण्याची योजना इंग्लंडमध्ये 2022 साली जाहीर झाली.

पर्याय भारताच्या किनाऱ्यावर कधीपासून पडून होता. काथ्या काढल्यावर उरणाऱ्या नारळाच्या भुशाचे डोंगर केरळात वर्षानुवर्षे साचत होते, कारण त्यातले लिग्निन सहज कुजत नाही. नेमक्या याच गुणामुळे हा भुसा, म्हणजे कोकोपीट, कुंडीत लवकर दबून बसत नाही. शिवाय ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते. मात्र नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील, तर भुशात मीठ राहते. म्हणून तो गोड्या पाण्याने धुवून, कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वापरावा लागतो. कोकोपीटच्या स्वस्त विटांमध्ये बहुधा हीच पायरी गाळलेली असते.

महाराष्ट्रात गोष्ट निराळी. दख्खनची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंडीला ती कुचकामी. म्हणून माळी लाल माती, नदीकाठचा पोयटा आणि शेणखत यांवर काम चालवत आले. जास्वंद, मोगरा, तुळस अशा उन्हातल्या झाडांना हे मिश्रण मानवते. दिवाणखान्यातल्या मॉन्स्टेराला ते मानवत नाही. रोपवाटिकेच्या पिशवीतली लाल चिकणमाती घरच्या सावलीत आठवडाभर ओली राहते आणि मुळे कुजतात. अशा झाडांसाठी कोकोपीट, परलाइट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडे गांडूळखत हे मिश्रण आता अनेक रोपवाटिका विकतात.

यातले कोणतेही मिश्रण कायम टिकत नाही. साल आणि भुसा हळूहळू कुजून बारीक होतो, हवेच्या जागा बुजतात, आणि नळाच्या पाण्यातले व खतातले क्षार वर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने दिसू लागतात. क्षार भरपूर पाणी ओतून धुता येतात. बसलेले मिश्रण मात्र दर दीड-दोन वर्षांनी बदलावेच लागते.