गोठ्याची चाचणी कुत्र्याला लावताना

ऑगस्ट २०२५मध्ये दिल्ली आणि गाझियाबादसह आसपासच्या शहरांतील भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने दोन आदेश दिले. ११ तारखेला कुत्रे निवारागृहांत हलवण्याचा. २२ तारखेला निर्बीजीकरण, जंतनाशन व लसीकरण करून, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे वगळता, मूळ जागी सोडण्याचा. सारी चर्चा रेबीजभोवती फिरली, ते रास्तच. मात्र कुत्र्याला गोठ्याशी जोडणारा दुसराही एक रोग आहे: ब्रुसेलोसिस.

याचा जिवाणू १८८७मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून मिळवल्याचे जाहीर केले. दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना त्याचा भाऊबंद गाभ टाकणाऱ्या गाईंत आढळला. त्याच वर्षी आल्मरोथ राइट यांनी दाखवले, की रुग्णाच्या रक्तद्रवात या जिवाणूंच्या गुठळ्या होतात. हीच चाचणी थेमिस्टोक्लिस झामित यांनी १९०५मध्ये माल्टातील शेळ्यांवर केली. शेळ्या धडधाकट दिसत होत्या, दूधही भरपूर देत होत्या. जिवाणू त्या दुधातच होता. १९०६मध्ये सैनिकांच्या आहारातून ते दूध वगळले गेले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. शहरात दूधविक्री चालूच राहिली, तापही राहिला.

कुत्र्याची पाळी उशिरा आली. १९६६मध्ये लेलंड कारमायकेल यांनी अमेरिकेत गर्भपात होणाऱ्या बीगल कुत्र्यांतून ब्रुसेला कॅनिस शोधला, आणि इथे चाचणीचा खरा पेच उभा राहतो. गाईच्या व शेळीच्या ब्रुसेलाच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लांब साखळ्या असतात; रोझ बेंगॉल चाचणी प्रामुख्याने त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे पकडते. कॅनिसवर त्या साखळ्याच नाहीत. गुरांसाठीच्या या चाचणीत कुत्रा ‘निर्दोष’ ठरला तरी कॅनिसचा संसर्ग असू शकतो. उलट, चाचणीत गुठळ्या झाल्या तर संशय गोठ्याकडे वळतो: गाभडलेल्या म्हशीची उघड्यावर टाकलेली वार कुत्रे खातात.

सप्टेंबर २०१९मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. कुत्र्यांसाठी अशी लस नाही. प्रतिजैविके देऊनही जिवाणू शरीरात दडून राहू शकतो. निर्बीजीकरणात त्याची आवडती जागा, म्हणजे गर्भाशय किंवा वृषण, निघून जाते आणि त्याचा फैलाव पुष्कळ घटतो. मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यकाचे हात नेमके तिथेच असतात, आणि रक्ताचा नमुना घेणे सर्वांत सोपे असते तेही त्याच टेबलावर.