गळका नळ : चकती बदलावी की नळ?

शाळेतला नळ ठिबकू लागला की दोन मते पडतात. शिपाई म्हणतो, वॉशर बदलू. प्लंबर म्हणतो, नळच बदला. १८४५ पूर्वी हा वाद फारसा संभवत नव्हता.

त्या काळच्या तोटीत पितळेचा निमुळता, आरपार भोक असलेला खुंटा असे. तो पाव फेरा फिरवला की भोक नळीच्या रेषेत येई आणि पाणी सुटे. धातूवर धातू घासून दोन्ही झिजत. मग खुंटा पुन्हा घासून बसवायचा, नाहीतर तोटी भंगारात. शिवाय पाणी एकदम अडले की नळाला धक्का बसे. दाब बेताचा होता, तोवर हे चालून गेले. पण १८३१ पासून टॉमस हॉक्सलीने इंग्लंडमधील नॉटिंगहॅमला चोवीस तास भरपूर दाबाने पाणी पुरवले. तशा दाबाला या तोट्या पुऱ्या पडेनात.

१८४५ साली रॉदरहॅमच्या एडवर्ड क्राइम्सने आट्यांच्या नळाचे पेटंट घेतले. आट्यांचा दांडा फिरवत खाली नेला की टोकाची झडप बैठकीवर हळूहळू दाबली जाते. झडपेखाली चामड्याची, पुढे रबराची, चकती आली. झीज थांबली नाही. ती पितळेवरून स्वस्त चकतीवर ढकलली गेली. खरी हुशारी मला इथे दिसते.

मात्र चकती वेळेवर बदलली नाही, तर बारीक फटीतून जोराने जाणारे पाणी पितळेच्या बैठकीत चर पाडते. मग नवी चकतीही गळते. म्हणून आधी पाणी बंद करून नळ खोलावा आणि बैठकीवरून बोट फिरवावे. गुळगुळीत लागली तर चकती पुरे. चर लागला तर बैठक घासून घ्यावी लागते. आटेही ढिले झाले असतील, तर प्लंबरचे ऐकावे.

हा हिशेब एका शहरानेही केला. नासाडीमुळे लिव्हरपूलला पाणी पुन्हा ठरावीक वेळीच सोडावे लागत होते. शहराचे अभियंता जॉर्ज डीकन यांनी १८७३ मध्ये एक मीटर बनवला. वस्ती निजल्यावरही मुख्य नळातून किती पाणी वाहते, हे तो कागदावर रेघ ओढून दाखवी. ते बहुतेक गळतीचेच! मग तपासनीस रात्री रस्त्यातल्या झडपेच्या चावीला कान लावून गळके घर हुडकत. दुरुस्त्या झाल्या आणि चोवीस तास पाणी परत देता आले. (मुलांना गळक्या नळाखाली दहा मिनिटे मोजपात्र धरायला सांगा. १५० मिलिलिटर भरले, तर दिवसाचे २१.६ लिटर होतात.)

आता पाव फेरा परत आला आहे. नव्या नळात सिरॅमिकच्या दोन कठीण चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या पुष्कळ टिकतात, पण बिघडल्या की बहुधा अख्खे कार्ट्रिजच बदलावे लागते, आणि त्याची मापे कंपनीगणिक वेगळी. तेव्हा दुकानात जाताना जुने कार्ट्रिज खिशात न्यावे. तसे मिळाले नाही, तर धडधाकट पितळी नळसुद्धा भंगारात जातो.