मिरजेची जवारी

वारसा म्हटला की आपण दगडाकडे पाहतो. किल्ला, देऊळ, समाधी. जे हलत नाही ते आपले, अशी आपली समजूत. सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या तंबोऱ्याचा इतिहास या समजुतीला छेद देतो, असे आम्हांस वाटते.

मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचे मूळ शिकलगार समाजात आहे. हत्यारे घडवणे, उजळणे, त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि तलवारीचे गिऱ्हाईक आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार तंबोऱ्यांच्या दुरुस्तीकडे वळले व दुरुस्तीतून निर्मितीकडे गेले. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय असल्याने या नव्या कारागिरीलाही आधार मिळाला.

लोखंड हाताळणाऱ्यांपुढे आता निराळेच साहित्य आले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, भिजवून कापायचा, त्याला आकार द्यायचा; दांडी आणि तबकडी तुणाच्या लाकडाची. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानंतर तो मार्ग बंद होत गेला आणि उंटाचे हाड, शिसवासारखे कठीण लाकूड व कृत्रिम पदार्थ यांवर काम चालू लागले. नक्षीतील हस्तिदंतही असाच गेला. म्हणजे साहित्य बदलत गेले. तरी वाद्य मिरजेचेच राहिले.

ते कशामुळे? आमच्या मते, जवारीमुळे. घोडीचा पृष्ठभाग कानशीने इतका हळुवार उतरता करायचा की छेडलेली तार त्याला जेमतेम स्पर्शत राहावी. मग तार आणि घोडी यांमध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. दोरा केसभर हलला तरी नाद मिटतो. येथे मोजपट्टी चालत नाही, कान लागतो. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते, हा योगायोग नव्हे. गवई आणि कारागीर एकमेकांचे कान घडवीत होते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे स्वागतच आहे. नक्कल करणाऱ्यांपासून नावाचे रक्षण होईल. परंतु आज रियाजाच्या खोलीत तंबोऱ्याचे काम पेटीएवढे विजेचे यंत्र किंवा भ्रमणध्वनी करतो. त्याची जवारी कधी बिघडत नाही, म्हणून ती काढून घेण्यासाठी कोणी कारागिराच्या दारी जातही नाही. हत्यारे गेली तेव्हा या घराण्यांनी हातातली कला दुसऱ्या वस्तूवर नेली. आता गाणाऱ्याचे येणे थांबले, तर ती कशावर न्यायची? या प्रश्नाचे उत्तर एकट्या कारागिराने द्यावे, अशी अपेक्षा आपण रसिकांनी धरू नये. घरातला जुना तंबोरा भिंतीवरून उतरवून मिरजेस नेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.