गटिंग

रॅकेटची तार तुटली की आपण दुकानात जाऊन काय सांगतो? "गटिंग करून द्या." गंमत म्हणजे तुमच्याआमच्या रॅकेटमध्ये गट, म्हणजे आतडं, नावालाही नसतं. असतं ते नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. गेली दहा वर्षं मी हा शब्द बिनदिक्कत वापरतोय. त्याचा अर्थ कळला तो जव्हारजवळच्या जामसरला, जिथे टेनिस बॉल फक्त क्रिकेटसाठी असतो!

झालं असं, की मे महिन्यात मामाकडे गेलो होतो. पावसाआधीची आवराआवर चालू होती. माळ्यावर नाचणीच्या बियाण्याशेजारी एक लाकडी चौकट सापडली. चार कोपऱ्यांना चार स्क्रू आणि आत घट्ट आवळलेली रॅकेट. आजोबांची. पुण्यात शिकत असताना 1962 साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली होती, आणि मास्तर म्हणून जामसरला आले तेव्हा सोबत आणली. इथे कोर्ट नाही हे त्यांना माहीत होतं. "बदली होईल शहरात, तेव्हा लागेल," असं म्हणायचे म्हणे. बदली झाली नाही. मामा सांगतो, दर वर्षी पाऊस लागायच्या आत ते स्क्रू आवळायचे आणि दिवाळीत उघडून बघायचे. तीसेक वर्षं!

मला आधी हसू आलं. मग घरी येऊन वाचायला बसलो आणि हसू गेलं.

मेजर वॉल्टर विंगफील्डने 1874 मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि जाळं, खांब, रॅकेट, रबरी बॉल असा अख्खा खेळ पेटीत घालून विकायला काढला. लगेच पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या लियोंच्या बाबोला कंपनीने टेनिससाठी आतड्याच्या तारा बनवल्या. आधी मेंढीच्या, पुढे गाईच्या. (इंग्रजीत म्हणतात कॅटगट, पण बिचाऱ्या मांजराचा काही संबंध नाही.) वस्तू आपल्याला अनोळखी नव्हतीच. पिंजाऱ्याच्या कमानीला आणि सारंगीला जी लावतात ती तांत, तीच ही. लवचिक, जिवंत, आणि पाण्याची वैरी. दमट हवेत ती फुगते, सैल पडते, तिचे धागे सुटतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर म्हणजे तिचा मृत्यूच की!

लाकडाचं दुखणं वेगळं. लाकडी रॅकेट एका फळीतून कोरलेली नसते. पातळ पट्ट्या वाकवून, एकावर एक चिकटवून ते कडं बनतं. आता हिशोब करा. साधारण 18 उभ्या तारा, प्रत्येकीला 50 पौंड ताण, म्हणजे 400 किलोच्या वर ओढ त्या कड्यावर! त्यात लाकूड पावसात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. दोनतीन वर्षांत पापडासारखी वाकडी. ती सपाट राहावी म्हणून प्रेस. स्क्रूसुद्धा एका बाजूने आवळत जायचे नाहीत, समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे, नाहीतर प्रेसच रॅकेटला पीळ देते. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं.

हा सगळा जाच खेळणाऱ्या प्रत्येकाने सोसला. 1934 मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव. संस्कृतात तुकारामचरित लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची ही मुलगी. तिच्या हातात लाकूडच. रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 ला ओळीने दोनदा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला तोही लाकडावरच. आजोबांनी रॅकेट घेतली ती बहुधा त्याच वाऱ्यात.

आणि मग चक्रं फिरली. विल्सनची स्टीलची टी-2000 आली 1967 मध्ये, प्रिन्सची मोठ्या तोंडाची 1976 मध्ये, पाठोपाठ ग्रॅफाइट. 1977 मध्ये तर दुहेरी तारांच्या 'स्पॅगेटी' रॅकेटने इली नस्तासेने गिलेर्मो व्हिलासची क्ले कोर्टवरची विजयमालिका तोडली, तेव्हा कुठे लक्षात आलं की रॅकेट कशी असावी याचा नियमच नाही! तो 1978 ला झाला. विम्बल्डनमध्ये लाकडी रॅकेट शेवटची दिसली 1987 ला. म्हणजे आजोबा जी जपत होते ती वस्तू जगाने त्यांच्या देखत टाकून दिली होती. त्यांना हे माहीत होतं का? पेपर रोज वाचायचे, म्हणजे असणार. तरी स्क्रू आवळत राहिले.

तर माझ्यापुढे प्रश्न: हिला परत तारा घालायच्या की भिंतीवर टांगायची? जुन्या तांतीचे चार वळलेले तुकडे तेवढे उरले होते. ठाण्यातल्या एका गटिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी ती काचेच्या काउंटरवर आडवी ठेवली, चारी बाजूंनी बोटाने दाबली. जराही डुगडुगली नाही. "कोणी ठेवली होती?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, 50 विसरा, 40 च्या वर जाणार नाही, साधं नायलॉन, आणि तडकली तर मला बोलायचं नाही. मी दोन दिवस घेतले. मामाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, खेळायलाच ठेवली होती ना त्यांनी?"

तडकली नाही. रविवारी सोसायटीच्या कोर्टवर अर्धा तास खेळलो. माझी नेहमीची 300 ग्रॅमची, ही हाताला चांगली शंभरेक ग्रॅम जड. तोंड एवढंसं, त्यामुळे निम्मे बॉल कडेला लागले. पण मधोमध बसला की तो आवाज! ग्रॅफाइटचा 'टण्ण' नाही, दारावर कुणी हलकेच थाप मारावी तसा.

रात्री मामाचा फोन. आजोबांचं कौतुक, मग मुद्दा: "पाऊस लागायच्या आत घेऊन ये. प्रेस इथेच राहिलीय."

शनिवारी निघतोय.